आधी पीक वाळले की पाट आटला?

काचबिंदूविषयीच्या विज्ञानवार्तांत गेल्या काही वर्षांपासून एक निष्कर्ष वारंवार दिसतो. दृष्टीच्या नसेभोवती सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे जिथे विरळ झालेले असते, तिथेच चेतातंतूंचा थरही पातळ झालेला आढळतो. निष्कर्ष खरा आहे, वेगवेगळ्या देशांतील अभ्यासगटांनी तो पडताळलेला आहे. माझी तक्रार पुढच्या पायरीवर आहे. संशोधक 'सोबत आढळते' असे लिहितात. बातमीच्या मथळ्यात त्याचे 'काचबिंदूचे मूळ रक्तप्रवाहात' असे होते, आणि वाचणाऱ्याच्या मनात ते 'रक्ताभिसरण सुधारणारी गोळी घेतली की काम झाले' इथवर जाऊन पोहोचते. या घसरणीत जे निसटते ते विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी नीट पाहावे, म्हणून हे टिपण.

विषय माझ्या घरातून सुरू होतो. आमच्या घराण्याची एक शाखा तंजावरच्या मराठी राज्याबरोबर दक्षिणेत गेली आणि कुंभकोणमला स्थिरावली. त्या शाखेतील माझी एक आत्या आयुष्यभर कुंभकोणमजवळच्या मरुदानल्लूरच्या मठात भजनाला जात आली. तमिळनाडूतील नामसंकीर्तनाची पद्धत ज्यांनी बांधून दिली, त्या मरुदानल्लूर सद्गुरुस्वामींचा हा मठ. त्या भजनपद्धतीत तेलुगू, संस्कृत आणि तमिळ रचनांबरोबर मराठी अभंगही गायले जातात, आणि ज्यांना मराठीचे एक वाक्य बोलता येत नाही असे भागवतरही ते तल्लीन होऊन गातात. आत्याला शेकडो अभंग पाठ. पुढ्यात पोथी उघडी असे, पण ती वाचत नव्हती. कधीपासून वाचत नव्हती ते कोणालाच कळले नाही, तिलासुद्धा. मठाच्या पायरीवर ती दोनदा अडखळली तेव्हा वयाचा दोष मानला गेला. गावात नेत्रशिबिर आले, मोतीबिंदूचे निदान झाले, शस्त्रक्रियाही चांगली झाली, आणि समोरचे लखलखीत दिसू लागले म्हणून सगळे आनंदले. दोन वर्षांनी, दुसऱ्याच कारणाने तपासणी झाली तेव्हा कळले की उजव्या डोळ्याच्या नसेचा मोठा भाग गेलेला आहे आणि डावीही सुरक्षित नाही. काचबिंदू होता. तो मोतीबिंदूच्या आधीपासून असावा असे डॉक्टर म्हणाले. पण तसे ठामपणे सांगण्याजोगा एकही जुना कागद नव्हता.

या रोगाच्या नावापासूनच गोंधळ आहे. मराठीत 'मोतीबिंदू' आणि 'काचबिंदू' ही जोडीची नावे. त्यामुळे दोन्ही सख्खे भाऊ असावेत आणि एकाच शस्त्रक्रियेने दोघांचीही पाठवणी होत असावी, असे सामान्य माणसाला वाटते. वास्तविक मोतीबिंदू हा डोळ्यातील भिंगाचा दोष. भिंग बदलले की दृष्टी परत येते. काचबिंदूत गेलेली दृष्टी कोणत्याही उपायाने परत येत नाही, कारण तिथे हानी नसेची असते, आणि ही नस पुन्हा वाढत नाही. जुन्या संस्कृत नेत्रवैद्यकात 'काच' ही तिमिर रोगाच्या पुढची पायरी म्हणून येते. आजच्या काचबिंदूशी तिचा मेळ घालणे अवघड आहे. कुंभकोणमकडे तमिळमध्ये याला 'कण् अळुत्त नोय्' म्हणतात, म्हणजे डोळ्याच्या दाबाचा रोग. हे नाव अधिक शास्त्रीय वाटते, पण तेही पुरते खरे नाही. अनेक रुग्णांच्या डोळ्यांतील दाब पूर्णपणे सामान्य मर्यादेत असतो. एका भाषेने भिंगाकडे बोट दाखवले, दुसरीने दाबाकडे. नसेकडे दोघींनीही पाहिले नाही.

तर त्या नसेकडे पाहू. डोळ्याच्या पाठीमागच्या भिंतीवर दृष्टिपटल पसरलेले असते. त्यातील गँगलियन पेशींपासून निघालेले दहा-बारा लाख तंतू दृष्टिपटलाच्या पृष्ठभागावरून सरपटत एका ठिकाणी गोळा होतात, तिथे काटकोनात वळतात आणि नेत्रगोलाच्या भिंतीतून बाहेर पडून मेंदूकडे जातात. बाहेर पडण्याची जागा म्हणजे नुसते भोक नव्हे. तिथे कोलॅजेनची चाळणीसारखी पट्टी असते, आणि तिच्या छिद्रांतून तंतूंचे जुडगे ओवलेले असतात. काचबिंदूत तंतूंचा घात मुख्यतः या चाळणीपाशी होतो. डोळ्यातील दाब वाढला की चाळणी मागे वाकते, छिद्रे वेडीवाकडी होतात आणि तंतू चिमटले जातात. पेशीकडून तंतूच्या टोकाकडे व टोकाकडून पेशीकडे चाललेली अन्नरसद्रव्यांची ने-आण खुंटते.

रक्तपुरवठ्याची व्यवस्था याच जागी सर्वांत गुंतागुंतीची आहे. पृष्ठभागावरच्या तंतूंना दृष्टिपटलाच्या मुख्य धमनीच्या शाखा रक्त देतात. चाळणीच्या भागाला मात्र वेगळ्याच, नेत्रगोलाच्या मागून शिरणाऱ्या पश्च सिलिअरी धमन्या पोसतात. हे दुसरे जाळे उलगडून दाखवण्यात ज्यांचे मोठे योगदान आहे ते डॉ. सोहनसिंग हयरे पंजाबात जन्मलेले. पुढे त्यांचे बहुतेक आयुष्य अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात गेले. पृष्ठभागावर नसेच्या तोंडाभोवती किरणांप्रमाणे पसरलेल्या केशवाहिन्यांचा एक वेगळा संच असतो. त्या लांब आणि सरळ असतात आणि एकमेकींशी फारशा जोडलेल्या नसतात. एखाद्या वाहिनीतला प्रवाह थांबला तर शेजारणीकडून रक्त वळवून घेण्याची सोय फार थोडी. आणि या केशवाहिन्यांचा मार्ग नेमका तोच, ज्या मार्गावरचे तंतू काचबिंदूत आधी जातात.

मरुदानल्लूरच्या शिवारात उभे राहिल्यास ही रचना समजायला सोपी जाते. कावेरीच्या खोऱ्यातले भाताचे वाफे, त्यांना पाणी पोहोचवणारे पाट. एखादा वाफा करपलेला दिसला आणि त्याचा पाटही कोरडा दिसला, तर काय झाले असेल? पाट आटला म्हणून पीक गेले असेल. किंवा पीक किडीने आधीच गेले, आणि आता पाणी कशाला, म्हणून शेतकऱ्याने पाटाचे तोंड बंद केले असेल. एका दुपारच्या छायाचित्रावरून याचा निवाडा होत नाही.

डोळ्याच्या बाबतीत हा वाद दीडशेहून अधिक वर्षांचा आहे. हेल्महोल्ट्झ यांचे नेत्रदर्शक यंत्र १८५१ साली प्रसिद्ध झाले आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ प्रथमच दिसू लागला. त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८५८ च्या सुमारास, हाइन्रिश म्यूलर यांनी दाबाने चेपली गेल्यामुळे नस मरते असे मांडले, तर एडुआर्ड येगर यांनी रक्तपुरवठ्याकडे बोट दाखवले. त्याच काळात फॉन ग्रेफे यांनी दाब न वाढताही नस खोलगट झालेले रुग्ण पाहिले. म्हणजे आज जी बातमी 'नवी दृष्टी' म्हणून छापली जाते, तिचा प्रश्न १८५७च्या भारतीय उठावाच्या वयाचा आहे.

नवे काय आहे? मोजण्याचे साधन. १९९१ मध्ये अमेरिकेत विकसित झालेल्या ओसीटी तंत्राने, प्रकाशाच्या परावर्तनावरून दृष्टिपटलाचे थर मायक्रॉनच्या हिशोबात मोजता येऊ लागले. निरोगी डोळ्यात नसेभोवती चेतातंतूंचा थर साधारण १०० मायक्रॉन जाड असतो. गेल्या दशकात रुळलेली ओसीटी अँजिओग्राफी त्याच्याही पुढे जाते. एकाच जागेच्या प्रतिमा झटपट, पाठोपाठ घेतल्या जातात. स्थिर ऊतक प्रत्येक प्रतिमेत सारखेच दिसते, वाहणाऱ्या रक्तपेशींमुळे मात्र फरक पडतो. तो फरक वेगळा काढला की रक्तवाहिन्यांचा नकाशा तयार होतो. शिरेतून रंगद्रव्य टोचावे लागत नाही, आणि रुग्णाला फक्त काही सेकंद एका बिंदूकडे पाहावे लागते. मला हे तंत्र खरोखर सुंदर वाटते.

पण हे यंत्र काय मोजते ते नीट ऐकावे. ते रक्तवाहिनी पाहत नाही, रक्ताची हालचाल पाहते. एखाद्या केशवाहिनीतला प्रवाह यंत्राच्या पकडीपेक्षा मंद झाला तर ती नकाशावर दिसत नाही. प्रत्यक्षात ती जागेवर असू शकते. त्यामुळे 'रक्तवाहिन्या नष्ट झाल्या' हे वाक्य बहुतेक वेळा 'रक्तवाहिन्यांतील प्रवाह दिसेनासा झाला' असे वाचायला हवे. आटलेला पाट आणि बुजवलेला पाट यांत फरक आहे, आणि उपचाराची आशा याच फरकात दडलेली आहे.

आता पुराव्याकडे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन दिएगो येथील गटाने असे डोळे तपासले ज्यांच्या दृष्टिक्षेत्राचा वरचा किंवा खालचा अर्धाच भाग बिघडलेला होता. उरलेल्या, अजून शाबूत वाटणाऱ्या अर्ध्या भागाशी संबंधित दृष्टिपटलातही रक्तवाहिन्यांची घनता निरोगी डोळ्यांपेक्षा कमी निघाली. त्याच संस्थेतील पुढच्या अभ्यासात, सुरुवातीला जिथे ही घनता कमी होती तिथे पुढे तंतूंचा थर अधिक वेगाने पातळ झाला. हे वाचून 'पाट आधी आटतो' असे म्हणावेसे वाटते. पण दुसरी बाजूही तितकीच ठोस आहे. मेंदूतील गाठीने नस दाबली जाणे किंवा नसेला सूज येऊन जाणे अशा काचबिंदूशी संबंध नसलेल्या विकारांतही तंतू गेल्यावर केशवाहिन्या विरळ होतात. तिथे मूळ घाव तंतूवर झालेला असतो. पेशी मेल्या, प्राणवायूची मागणी घटली, आणि जाळे आक्रसले. म्हणजे पीक आधी गेल्यावरही पाट बुजतो, हे सिद्ध आहे.

माझे मत विचाराल तर दोन्ही घडते, आणि एकाच डोळ्यात घडते. दाबाने वाकलेली चाळणी तंतू चिमटते तशी त्याच छिद्रांतून जाणाऱ्या केशवाहिन्याही चिमटते. म्यूलर आणि येगर यांचे भांडण त्या चाळणीपाशी येऊन विरघळते. 'कारण कोणते, परिणाम कोणता' हा प्रश्न निरर्थक नाही. पण एका क्षणीच्या प्रतिमांची तुलना करून तो सुटणार नाही. तोच डोळा वर्षानुवर्षे पाहत राहावा लागेल. ओसीटी अँजिओग्राफीचा निर्विवाद उपयोग मला वेगळ्याच ठिकाणी दिसतो. रोग खूप पुढे गेला की चेतातंतूंचा थर सुमारे ५० मायक्रॉनवर येऊन थांबतो. उरते ते आधारपेशी आणि रक्तवाहिन्यांचे ऊतक. त्याच्या खाली आकडा जात नाही आणि यंत्र 'स्थिर' असे सांगत राहते, रुग्णाची दृष्टी मात्र घटत असते. त्या अवस्थेतही रक्तवाहिन्यांची घनता कमी होताना मोजता येते. आत्यासारख्या रुग्णांना या मापाची गरज आहे.

उपचाराच्या बाबतीत मात्र मथळ्यांनी कोणाचीही दिशाभूल होऊ नये. डोळ्यातील दाब कमी करणे हाच आजपर्यंत चाचण्यांच्या कसोटीला उतरलेला उपाय आहे, आणि तो दाब सामान्य असणाऱ्यांनाही लागू पडतो. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या, सामान्य दाबाच्या काचबिंदूवरील अमेरिकेच्या पुढाकाराने झालेल्या अभ्यासात दाब ३० टक्क्यांनी उतरवलेल्या डोळ्यांपैकी १२ टक्के डोळ्यांत रोग वाढला, उपचार न केलेल्यांपैकी ३५ टक्के डोळ्यांत. स्वीडनमधील चाचणीने दाखवले की दाबाचा प्रत्येक मिलिमीटर उतरला की रोग वाढण्याची जोखीम साधारण १० टक्क्यांनी घटते. रक्ताभिसरणाच्या नावाने विकल्या जाणाऱ्या कोणत्याही गोळीच्या पाठीशी अशा तोलाचा पुरावा नाही. रोजचे थेंब महाग वाटतात, डोळे चुरचुरतात आणि घालून काही 'सुधारल्यासारखे' वाटत नाही. म्हणून लोक ते सोडतात आणि गोळीकडे वळतात. काचबिंदूच्या औषधाचे यश म्हणजे काहीही न घडणे. ते कोणाला दिसत नाही.

रक्तप्रवाहाच्या सिद्धान्तातून निघणारी एक गोष्ट मात्र आजही व्यवहारात आणण्यासारखी आहे. नसेला मिळणारे रक्त हे रक्तदाब आणि डोळ्यातील दाब यांच्या फरकावर अवलंबून असते. झोपेत रक्तदाब उतरतो. काहींचा फारच उतरतो, आणि रात्री घेतलेल्या रक्तदाबाच्या औषधाने तो आणखी उतरू शकतो. हयरे यांनी १९९४ मध्ये या रात्रीच्या उताराकडे लक्ष वेधले होते. याचा अर्थ कोणी स्वतःच्या मनाने रक्तदाबाची गोळी बंद करावी असा नव्हे. तसे करणारा डोळा वाचवण्याच्या नादात हृदय गमावेल. अर्थ इतकाच, की नेत्रतज्ज्ञाला रक्तदाबाच्या गोळ्यांची वेळ ठाऊक असावी आणि फिजिशियनला काचबिंदू ठाऊक असावा. आत्याच्या दोन डॉक्टरांचे दवाखाने एकाच रस्त्यावर आहेत. दोघांच्या कागदांत एकमेकांचा उल्लेखही नव्हता.

कागदांचा विषय निघालाच आहे, तर कुंभकोणमपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या तंजावरला जायला हवे. मरुदानल्लूर सद्गुरुस्वामींचा समकालीन असलेला तिथला मराठी राजा, दुसरा सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२), याला वैद्यकाचे, विशेषतः नेत्रवैद्यकाचे वेड होते. त्याचा 'धन्वंतरी महाल' हा औषधांच्या संशोधनाचा विभाग आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांची कीर्ती आपण ऐकून आहोत. त्या ग्रंथालयात नेत्ररुग्णांच्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत. रुग्ण कोण, तक्रार काय, काय उपचार केला, पुढे काय झाले, आणि सोबत त्या डोळ्याचे हाताने काढलेले चित्र. चेन्नईच्या शंकर नेत्रालयातील डॉक्टरांनी या हस्तलिखितांचा अभ्यास केला आहे. राजाने स्वतः किती शस्त्रक्रिया केल्या याच्या कथा मला तितक्या महत्त्वाच्या वाटत नाहीत. डोळा तपासला की त्याचे चित्र काढून ठेवायचे, ही शिस्त मला महत्त्वाची वाटते. सरफोजीच्या वैद्यांना काचबिंदू ओळखता येणे शक्यच नव्हते. डोळ्याचा तळ पाहण्याचे यंत्र राजाच्या मृत्यूनंतर एकोणीस वर्षांनी आले. ज्यांना नस दिसत नव्हती त्यांनी चित्रे काढून ठेवली. आपल्याला नस दिसते, आणि आपण एका ओळीत 'मोतीबिंदू, शस्त्रक्रिया' लिहून कागद रुग्णाच्या हाती देतो.

हा दोष एका शिबिराचा नाही. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात मोतीबिंदूने आंधळ्या झालेल्यांची संख्या प्रचंड होती, आणि यशाचे माप म्हणून शस्त्रक्रियांची संख्या धरली गेली. ते माप तेव्हा योग्य होते. त्याच वर्षी डॉ. व्यंकटस्वामींनी मदुराईत स्थापलेल्या अरविंद नेत्र रुग्णालयाने तर त्या कामाचा जगाला आदर्श घालून दिला. पण जे मोजले जाते तेच केले जाते. अरविंदच्याच २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, तमिळनाडूच्या ग्रामीण भागातील चाळिशीपुढच्या ५१५० जणांच्या पाहणीत २.६ टक्के लोकांना काचबिंदू आढळला. चेन्नई काचबिंदू अभ्यासात सर्वाधिक आढळणारा, उघड्या कोनाचा काचबिंदू खेड्यांत १.६२ टक्के आणि शहरात ३.५१ टक्के निघाला. त्यांपैकी शंभरातल्या नव्वदहून अधिक जणांना, तपासणी होईपर्यंत, आपल्याला हा रोग असल्याचे माहीत नव्हते. आणि मोठ्या हिश्श्याचा दाब तपासणीच्या वेळी सामान्य होता, म्हणजे नुसता दाब मोजून ते हाती लागले नसते. देशात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असावा असा २०१० मधील अंदाज आहे. आपल्याकडे नागपूरजवळच्या आठ खेड्यांत तिशीपुढच्या ४७११ जणांची अशीच तपशीलवार नेत्रपाहणी झालेली आहे. म्हणजे खेड्यातल्या माणसाची नस पाहता येते आणि नोंदवताही येते. ते फक्त संशोधनाच्या वेळीच करायचे, असा कोणता नियम आहे?

माझी मागणी लहान आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या प्रत्येक डोळ्याची नस पाहावी. भिंग गढूळ असल्याने आधी दिसत नसेल तर शस्त्रक्रियेनंतरच्या तपासणीत पाहावी. खोलगटपणाचे प्रमाण लिहावे, आणि शक्य तिथे एक छायाचित्र काढून ते रुग्णाला द्यावे. ओसीटी अँजिओग्राफी प्रत्येक तालुक्यात पोहोचायला काळ लागेल. डोळ्याच्या तळाचा साधा फोटो आजही निघतो. यावर आक्षेप येईल की सरसकट काचबिंदू-तपासणी खर्चाला परवडत नाही, आणि संशयित म्हणून निष्कारण कित्येक जण रुग्णालयाच्या फेऱ्या मारतील. आक्षेप बरोबर आहे, मीही घरोघरच्या तपासणीची मागणी करत नाही. पण जो माणूस शिबिरात येऊन खुर्चीवर बसलेलाच आहे, ज्याच्या डोळ्यात बाहुली रुंदावणारे थेंब पडलेलेच आहेत, त्याच्या नसेकडे न पाहता त्याला परत पाठवणे कोणत्या हिशोबात बसते?

रुग्ण स्वतःहून येईल ही अपेक्षा व्यर्थ आहे. आपण काचबिंदूची दृष्टी काळ्या बोगद्यासारखी चितारतो. लंडनमधील ५० रुग्णांना २०१३ च्या एका अभ्यासात तुम्हाला कसे दिसते असे विचारून चित्रे दाखवली गेली तेव्हा काळ्या बोगद्याचे चित्र एकानेही निवडले नाही. कोणाला काही भाग अस्पष्ट दिसत होता, कोणाला काही वस्तू गायबच झाल्यासारख्या वाटत होत्या, आणि कोणाला काहीच वावगे वाटत नव्हते. मेंदू रिकामी जागा आजूबाजूच्या रंगाने भरून काढतो. आत्याच्या बाबतीत ती जागा अभंगांनीही भरून काढली.

रोगाला कौटुंबिक ओढ असते, म्हणून आत्याच्या निदानानंतर आम्ही भावंडे तपासून आलो. माझ्या एका चुलतभावाच्या डाव्या नसेविषयी डॉक्टर साशंक आहेत. दाब सामान्य, दृष्टिक्षेत्र शाबूत, तंतूंचा थर खालच्या बाजूला किंचित पातळ, आणि ओसीटी अँजिओग्राफीत नेमक्या त्याच जागी एक फिकट पाचर. हा रोगाचा आरंभ आहे की तो जन्मतःच तसा आहे, हे आज कोणी सांगू शकत नाही. सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे, तेव्हा शेजारी ठेवायला पहिली प्रतिमा असेल. आत्याची फाइल मी तारखेप्रमाणे लावली. सगळ्यांत खाली शिबिराची चिठ्ठी आहे: नाव, वय, उजवा डोळा ६/६०, मोतीबिंदू. नसेसाठी छापलेला रकाना तिच्यावर आहे. तो कोरा आहे.